दोन छतांमधली दोरी

“साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय,” फोनवरचा माणूस म्हणाला, तेव्हा मी पलंगावर मांडी घालून चार भोकांची बटणं दोन भोकांच्या बटणांतून वेगळी काढत होतो. दर सोमवारी मी हे काम करतो. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकं डब्यात हात घालून ढवळतात आणि सगळा गोंधळ करून ठेवतात. “कुणी दिलं?” मी विचारलं. “तुमच्या शेजारच्या स्टॉलवाल्या बाईंनी. त्यांनी एकच नाव दिलंय, तुमचं. बुधवारी अकराला या. तिसरा मजला, अपघात विभाग.” त्याला सर्दी झालेली असावी, तो नाक ओढत बोलत होता. मी बरं म्हणालो, फोन ठेवला, पुन्हा बटणं निवडायला घेतली, आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं की दोन्ही जातींची बटणं मी एकाच डब्यात टाकतोय. एकच नाव. अपघाताच्या दिवशी मैदानावर एकतीस स्टॉल लागले होते. चपलांवाला होता, फुलवाला होता, पडलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्याखाली स्वतःचा सदरा घडी करून ठेवणारा पडदेवाला होता. एवढ्या सगळ्यांतून शेजारच्या वहिनींनी नेमकं माझं नाव द्यावं? ज्याने तीन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, त्याचं? म्हणजे त्यांना माहीत आहे. किंवा त्यांना काहीच माहीत नाही. ह्या दोन्हींतलं माझ्यासाठी वाईट कोणतं हे मला ठरवता येईना, आणि मी डबा पलंगावर उपडा करून पहिल्यापासून सुरुवात केली.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “कुणाचा फोन?” मी म्हणालो, विम्याचा. “वहिनींच्या भानगडीचा ना? मग जा आणि नीट सांगा. आणि आता तरी बोला त्यांच्याशी. तीन महिने गाल फुगवून बसलायत, नातवंडं हसतील अशाने.” आम्हाला नातवंडं नाहीत, पण माझ्या पोरकटपणाचा विषय निघाला की बायको त्यांना हजर करते. त्या गुरुवारची खरी गोष्ट मी तिलाही सांगितलेली नव्हती. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून लपवलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या बाकीच्या सगळ्या ह्या गोष्टीपुढे पोरखेळ आहेत. मी नुसता उठलो, पलंगाची दांडी हाताने सोडली, आणि सोडताना माझ्या घशात एक शब्द आला. सोडतोय. तीन आठवडे हे असं चाललंय. बसमधून उतरताना वरची कडी सोडली की, लिफ्टचं बटण सोडलं की, नळाखालची बादली सोडली की, तोंडातून जवळजवळ निघतंच, सोडतोय. एकदा तर न्हाव्याच्या दुकानात खुर्चीचा हात सोडताना मी मोठ्याने म्हणालो आणि न्हावी वस्तरा धरून तसाच थांबला. “काय सोडताय काका?” त्याने विचारलं. काय सांगणार त्याला.

बुधवारी मी साडेदहालाच जाऊन बसलो. तिसऱ्या मजल्यावर एक लांब बोळ होता, भिंतीला लागून जोडलेल्या खुर्च्यांची रांग आणि समोर काचेचं दार. पाण्याचं यंत्र मधूनच गुडगुडत होतं. भिंतीवर एक मोठं चित्र होतं, आई, बाप, दोन मुलं आणि त्यांच्यावर कुणाचा तरी भलामोठा हात धरलेला, छतासारखा. त्या हाताखाली ते चौघं इतके खुशीत हसत होते की मी नजर काढून घेतली. आमच्या बाजारात छत असं कुणी धरत नाही. स्टेडियमच्या मागचं गाड्या लावायचं मैदान आहे ते, गुरुवार आणि रविवारी बाजाराला मिळतं, आणि जमीन सगळी डांबरी, खुंटी ठोकायची सोय नाही. प्रत्येकाचं चार लोखंडी पायांचं, घडी होणारं छत. ते वाऱ्याने उडू नये म्हणून पायांना वजन लावायचं, म्हणजे रंगाचे रिकामे डबे, त्यात सिमेंट ओतून गोठवलेलं. एक डबा उचलायला दोन हात आणि धड कंबर लागते. चार पायांना चार डबे हवेत, पण चार डबे ओढणार कोण? म्हणून बाजाराने केव्हाच एक तोड काढली होती. शेजारच्या दोघांनी दोन-दोन डबे आणायचे, ते आपापल्या बाहेरच्या पायांना लावायचे, आणि आतले पाय एकमेकांना दोरीने बांधून टाकायचे. दोन छतांचं मिळून एक छत. माझ्या डब्यांवर त्यांचं छत उभं आणि त्यांच्या डब्यांवर माझं.

ही बांधाबांध आमच्यात अठरा वर्षांपूर्वी सुरू झाली, वहिनींचे यजमान होते तेव्हा. गाठ त्यांनीच शिकवली मला. कितीही वारा ओढो, सुटत नाही, आणि एक टोक झटकलं की अशी सुटते की जणू कधी नव्हतीच. त्यांच्या कपबशा, माझी बटणं, धागे, चेना, फिती. माणूस मोठा गमत्या. गिऱ्हाइकाला म्हणायचे, “कप फुटला तर माझ्याकडे या, मन फुटलं तर शेजारी जा, तिथे शिवणाचं सगळं मिळतं.” आणि ज्याला आधी निघायचं असेल त्याने हाक मारायची, हा नियमही त्यांचाच. “सोडतोय!” अशी हाक. दुसऱ्याने हातातलं काम टाकून आतला पाय धरायचा, “सोडा!” म्हणून ओ द्यायची. मग निघणाऱ्याने आपले दोन डबे त्या सुटणाऱ्या पायांना लावून द्यायचे आणि तेव्हाच दोरी झटकायची. डबे तसेही रात्री मैदानाच्या चौकीतच ठेवायचे असतात. सगळ्याला अर्धं मिनिट लागत असेल. सहा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा महिनाभराने वहिनी एकट्या आल्या, छत एकट्यांनी उघडलं, आणि दोरीचं टोक माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “भाऊजी, बांधता ना?” मी बांधली. माझे डोळे भरून आले होते, आणि त्या पलीकडे बघत होत्या, मी अवघडू नये म्हणून. तेव्हापासून संध्याकाळी हाक मी मारायचो, “सोडतोय वहिनी!” आणि ओ त्या द्यायच्या. यजमानांची ओ मोठी होती, वहिनींची बारीक, शेवटचं अक्षर गिळून टाकल्यासारखी.

विमा नंतर आला. दोन वर्षांपूर्वी मैदानवाल्यांनी नोटीस लावली, ज्याचा विमा नाही त्याला जागा नाही. स्टॉलमुळे कुणा गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाई विम्याने द्यायची. सगळ्यांनी कपाळाला हात लावला आणि मग सगळे माझ्याकडे आले, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी फॉर्मला घाबरत नाही. एकतीस फॉर्म मी भरले. सातव्या रकान्यात विचारलं होतं, आपले छत चार स्वतंत्र वजनांवर उभे असते काय? होय किंवा नाही. मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “स्वतंत्र म्हणजे?” मी म्हणालो, “म्हणजे शेजाऱ्याशिवाय.” त्या इतक्या हसल्या की हातातली बशी पडता पडता वाचली. “असं कुणाचं असतं हो?” मीही हसलो आणि ‘होय’वर खूण केली. त्यांच्या फॉर्मवर, माझ्या फॉर्मवर, एकतीसच्या एकतीस फॉर्मवर. एवढ्याशा चौकोनात एवढीशी खूण. अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं होतं तेव्हा.

आणि मग ते धाग्याचं. आता आठवलं तरी लाज वाटते, इतकं क्षुल्लक. एक शिवणकाम करणारी बाई माझ्याकडून लाल धाग्याची रिळं घ्यायच्या बेतात होती. बोलता बोलता ती वहिनींकडे वळली, आणि वहिनी हळू आवाजात तिला म्हणाल्या, “लाल नका घेऊ, रंग जातो त्याचा. दुसरे घ्या, ते चांगले आहेत त्यांचे.” हळू म्हणाल्या, पण दोन छतांमध्ये अंतर ते कितीसं. मला स्पष्ट ऐकू आलं. आणि खरं होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. त्या धाग्याचा रंग जात होता हे मला ठाऊक होतं, घाऊकवाल्याने माझ्या गळ्यात मारलेला माल होता तो, आणि मी तो हळूहळू खपवत होतो. त्या बाईने लाल घेतले नाहीत, पांढरे आणि काळे भरपूर घेतले, माझं नुकसान झालंच नाही. पण मी वहिनींशी बोलणं बंद केलं. त्यांना कारण कळलं नाही. दोनदा त्यांनी विचारलं, “भाऊजी, बरं नाही का?” मी डब्यातली बटणं चाळत “बरंय” म्हणालो. मग त्यांनीही विचारणं सोडलं. राहिली फक्त ती हाक. त्यातला ‘वहिनी’ हा शब्द गेला. नुसतं “सोडतोय” उरलं, भिंतीला सांगावं तसं, आणि पलीकडून “हं, सोडा”. तीन महिने आमच्यातलं सगळं बोलणं एवढंच. मला वाटायचं, आज त्या काहीतरी बोलतील. माझं काही चुकलं का भाऊजी, असं म्हणतील, आणि मी मोठ्या मनाने हसून सोडून देईन. मनात मी माझं ते हसू कितीदा तयार करून ठेवलं होतं.

तो गुरुवार तसा चांगला नव्हता. दुपारपासून वारा सुटला होता, फिती फडफडून गुंतत होत्या, गिऱ्हाईक नाही. चारच्या सुमाराला मी आवरायला घेतलं. माझं छत मिटलं, डबे बाजूला ठेवले, राहिली दोरी. वहिनी पाठमोऱ्या वाकून कप कागदात गुंडाळत होत्या. मी दोरीपाशी उभा राहिलो. आता हाक मारायची. आणि मला वाटलं, आज नाही मारायची. आज त्यांना वळून बघू दे. माझा हात त्या पायाला लागला की कळेल त्यांना, पाय हलेल, त्या वळतील, मी उभा दिसेन, काहीतरी बोलावंच लागेल. मी टोक झटकलं. दोरी सुटली, नेहमीसारखी, काही आवाज न करता. वहिनी वळल्या नाहीत. मी त्यांच्या पाठीकडे बघत थांबलो, किती वेळ थांबलो कुणास ठाऊक, आणि मग मला राग आला. इतकीही दखल नाही माझी? डबे माझ्या पायाशी होते, त्यांच्या मोकळ्या पायापासून दोन पावलांवर. मी ते तिथेच ठेवले, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि टेम्पोकडे चालू लागलो. रागात चालणाऱ्या माणसाला आपण किती ताठ चालतोय हे कळतं. मला कळत होतं, आणि बरं वाटत होतं.

मग आवाज झाला. आधी कापडाचा, मग कपबशांचा, आणि शेवटी माणसाचा. मी गाठोडं टाकून पळालो. छत एका बाजूने वर उचललं जाऊन उलटलं होतं, आणि त्याचा लोखंडी पाय एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर बसला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं त्यांचं. टायपिंग शिकवायचे म्हणे पूर्वी. घरचा जुना संच होता, त्यातली एक बशी फुटलेली, तेवढीच एक जुळणारी बशी शोधायला आले होते. मी आणि पडदेवाल्याने मिळून छत बाजूला केलं. वहिनी फुटक्या चिनीमातीत गुडघे टेकून त्यांचा हात धरून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “अचानक वारा आला हो भाऊजी.” तीन महिन्यांनी त्या माझ्याशी बोलल्या ते हे. आणि तीन महिन्यांनी मी त्यांना जे उत्तर दिलं तेही सांगून टाकतो. मी म्हणालो, “हो ना, वारा.”

तेव्हापासून माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. विम्याचा निकाल लागेपर्यंत मैदानवाल्यांनी वहिनींना स्टॉल लावू नका सांगितलंय. विम्याने नाही म्हटलं तर त्या गृहस्थांची भरपाई वहिनींच्याच अंगावर येणार आणि जागाही जाणार. एकट्या बाईचं पोट त्या जागेवर. माझं छत मात्र आता चार डब्यांवर उभं राहतं, अगदी फॉर्ममध्ये लिहिलंय तसं, स्वतंत्र. त्यातले दोन डबे त्यांचे आहेत. रविवारी आणि गुरुवारी मी ते चौकीतून ओढत आणतो आणि दिवसभर त्यांच्याकडे बघायचं टाळतो. आणि बुधवारी त्या बोळात बसून मी स्वतःला पुन्हा पुन्हा जे समजावत होतो ते असं, की मी खरं सांगितलं तर वहिनींचंच नुकसान. दोरीचा विषय निघाला की सातवा रकाना खोटा ठरणार आणि विमा हात वर करणार. तेव्हा दोरीबद्दल गप्प राहणं यातच त्यांचं भलं आहे. युक्तिवाद बिनतोड होता. तीन आठवडे मी तो सगळ्या बाजूंनी ठोकून बघितला होता, कुठेही पोकळ वाजत नव्हता. फक्त एवढंच, की त्यात वहिनींचं भलं आणि माझी सुटका एकाच ठिकाणी येऊन उभी राहत होती, आणि कोण कुणाच्या आधाराने उभं आहे ते काही केल्या दिसत नव्हतं.

काचेचं दार उघडलं. तपासनीस माझ्या मुलीच्या वयाचा होता, नाक लाल, टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी. “बसा काका. पाणी?” मी नको म्हणालो. त्याने एक फोटो माझ्याकडे सरकवला. उलटलेल्या छताचा तो पाय, आणि पायाला लोंबणारी दोरी. दोरीला अजून गाठीची वळणं होती. इतक्या वर्षांची वळणं, ती दोरी आता सरळ होणार नाही. “ही दोरी कसली?” त्याने विचारलं. मी तयार होतो. “कप टांगतात तिला. गिऱ्हाइकाला दिसावेत म्हणून.” माझा आवाज छान लागला होता. त्याने लिहून घेतलं. “तुम्ही कुठे होतात?” टेम्पोकडे, मी म्हणालो. पाठमोरा. “म्हणजे छत उडताना पाहिलं नाहीत.” नाही. वारा होता मात्र, फार वारा होता. त्याने तेही लिहिलं. मग एक गोळी तोंडात टाकली, गालात फिरवली, आणि कागदांच्या खालून दुसरा एक कागद काढला. “काका, मला एक कळत नाही. बाईंनी वेगळंच सांगितलंय. आणि मी विचारलंही नव्हतं त्यांना. मी दोनदा म्हणालो, बाई, विचार करून सांगा. तर म्हणाल्या, लिहा.” आणि त्याने वाचून दाखवलं. वाचताना त्याचा आवाज सपाट होता, तरी त्याच्या आतून मला वहिनींचाच आवाज ऐकू येत होता. “आमची दोघांची छतं एकमेकांना बांधलेली असतात. अठरा वर्षं अशीच बांधतो. शेजारी निघताना हाक मारतात आणि मग मी पाय धरायचा, डबे लावून घ्यायचे. त्या दिवशीही त्यांनी हाक मारली. मी ओ दिली. पण कप गुंडाळत होते म्हणून लगेच उठले नाही, डबे लावून घ्यायचे राहिले. चूक माझी आहे. शेजाऱ्यांना विचारा, ते सांगतील.”

मी त्या फोटोकडे बघत राहिलो. पाण्याचं यंत्र बाहेर गुडगुडलं. डोक्यात फक्त एक वाक्य होतं, त्या दिवशीही त्यांनी हाक मारली. खोटं बोलल्या का त्या, मला वाचवायला? पण मग दोरीचं कशाला सांगायचं, तेच तर लपवायचं होतं. नाही. वहिनी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना हाक ऐकू आली होती. अठरा वर्षं दर बाजाराला येणारी हाक त्या दिवशी आलीच नसेल, असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. मी नाही मारली ती हाक त्यांच्या कानांनी माझ्या वतीने मारून टाकली आणि तिला ओसुद्धा दिली. तीन महिने मी त्यांच्यावर रुसून होतो, आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी माझ्याबद्दल एवढंही वाईट धरलं नव्हतं. “काका,” तपासनीस म्हणाला, “दोघांतलं एक खोटं आहे.” “माझं,” मी म्हणालो. “दोरी छतांचीच आहे.” त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. “ठीक आहे. ते मी दुरुस्त करतो. बाकी मग त्या म्हणतात तसंच ना? तुम्ही हाक मारलीत, त्यांनी ओ दिली?”

इथे मला हो म्हणता आलं असतं. सगळं तयार होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने रस्ता करून दिला होता, मी नुसतं चालायचं. शेजाऱ्यांना विचारा, ते सांगतील. माझ्या घशात तो शब्द पुन्हा वर आला, तीन आठवडे कुठेही येणारा, पण ह्या वेळी तो सुटेना. “नाही,” मी म्हणालो, “हाक नाही मारली मी.” “विसरलात?” “नाही. मुद्दाम नाही मारली. डबेही लावून दिले नाहीत. दोरी सोडली आणि निघून गेलो.” “का?” “आमचं बोलणं नव्हतं.” “कशावरून?” “धाग्यावरून,” मी म्हणालो, आणि त्या स्वच्छ टेबलावर तो शब्द इतका हास्यास्पद वाटला की मला हसू आलं, आणि हसण्यामागोमाग असं काही आलं की मी खिशातला रुमाल काढला. तो पोरगा भला होता. त्याने गोळ्यांची पट्टी माझ्याकडे सरकवली, जणू मला सर्दीच झाली होती. मग म्हणाला, “काका, हे लिहिलं तर काय होईल ते ऐका आधी. वजनांचं खोटं दोघांचंही आहे, ते वर जाईल, तिथे काय ते ठरेल. पण तुम्ही न सांगता दोरी सोडली असेल, तर अपघाताची जबाबदारी त्यांच्याकडून तुमच्याकडे येते. त्या बहुतेक सुटतील. तुमचं मी काही सांगू शकत नाही. जागा गेली तर नवल नाही, आणि भरपाईही तुमच्यावर येईल. घरी विचारून या हवं तर.” मला बायको आठवली, आणि तिची नातवंडं. “लिहा,” मी म्हणालो. त्याने लिहिलं. वाचून दाखवलं. मी सही केली, आणि अक्षर वाईट आलं, कुणा दुसऱ्याचं असावं तसं.

बाहेर आलो तर खुर्च्यांच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. त्यांना पुन्हा साडेअकराला बोलावलं होतं. मला बघून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची छत्री उचलून पायाशी ठेवली, म्हणजे मी बसावं म्हणून. मी बसलो. “झालं?” त्या म्हणाल्या. झालं, मी म्हणालो. “तुम्हाला फार उलटंसुलटं विचारलं का?” “नाही, मुलगा चांगला आहे.” थोडा वेळ आम्ही दोघं समोरच्या चित्रातल्या त्या हाताकडे बघत बसलो. “वहिनी, माझं नाव का दिलंत तुम्ही?” “मग कुणाचं देणार?” त्या म्हणाल्या. “दुसरा शेजारी कोण आहे मला?” असं म्हणून त्यांनी पिशवीचं तोंड जरा उघडून मला दाखवलं. आत कागदात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. “त्या मास्तरांची बशी मिळाली. घरी खालच्या खोक्यात होती, तंतोतंत तीच वेल. इथून तशीच त्यांच्याकडे जाणार आहे.” त्यांचा आवाज जवळजवळ आनंदी होता. मला वाटलं, आत्ता नको, मग कधीतरी. आणि मला कळलं की हे मी अगदी त्या दोरीपाशी उभं राहून म्हटलं होतं तसंच म्हणतोय.

“वहिनी, त्या दिवशी मी हाक मारली नव्हती.”

“मारली होतीत की.” त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पिशवीचं तोंड बंद करत होत्या. “मी ओ दिली ना.”

“नव्हती मारली. तुमच्यावर रागावलो होतो म्हणून. मुद्दाम. आत आत्ता तेच सांगून आलो.”

त्यांचे हात थांबले. त्या माझ्याकडे वळल्या, त्या गुरुवारी त्यांनी जसं वळावं असं मला वाटत होतं तसं, आणि मला ते बघवेना. राग असता तर मी झेलला असता. त्या नुसत्या आठवत होत्या. कपाळाला आठ्या घालून, ओठ जरासे हलवत, तो दिवस पहिल्यापासून आठवत होत्या, वारा, कागद, कप, मागून आलेला आवाज, आपण दिलेली ओ. त्या सगळ्यातून मला वजा करून बघत होत्या.

“मग ओ कुणाला दिली मी?” त्यांनी विचारलं.

काचेचं दार उघडून त्या मुलाने त्यांना आत बोलावलं. त्या उठल्या, छत्री घेतली, दोन पावलं गेल्या, आणि परत फिरून पिशवी माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली. बाजारात अठरा वर्षं ठेवत आल्या तशी, माझ्याकडे न बघता. “बघा जरा,” म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लागलं. आतून आधी त्या मुलाचा सपाट वाचण्याचा आवाज येत राहिला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. बायकोला दीडपर्यंत येतो म्हणून सांगितलं होतं, बस चुकणार होती. मी पिशवीचा बंद हाताला दोनदा गुंडाळून घेतला आणि बसून राहिलो.